विरुद्ध महाराष्ट्र शासन

काही वर्षांपूर्वी शेजारच्या एका मावशींबरोबर मी रिमांड कोर्टात गेलो होतो. मावशी मूळच्या बीडकडच्या, पण पिंपरीत येऊन त्यांना पंचवीसेक वर्षं झालेली. मुलगा चाकणला ठेकेदाराकडे कामाला. वस्तीत भांडण झालं, पोलिसांची गाडी आली आणि समोर दिसली ती सात-आठ पोरं उचलून नेली. त्यात हा, सेकंड शिफ्ट करून घरी येत असलेला. अंगात कंपनीचा शर्ट, पायात सेफ्टी शूज. दुसऱ्या दिवशी दुपारी कोर्टात आणला तेव्हा पायात शूज नव्हते, कुणाच्या तरी रबरी चपला होत्या. तळवा पूर्ण न टेकवता, पावलाच्या कडेवर भार देत तो आत आला.

सुनावणी चार मिनिटांत आटोपली. पोरं ओळीनं उभी होती. न्यायाधीशांनी कागदावरची नजर न काढता विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" सगळे "नाही" म्हणाले. ज्यांनी त्यांना आणलं होतं ते हवालदार हातभर अंतरावर उभे होते, आणि कोठडी वाढली तर रात्री त्यांच्याच ताब्यात परत जायचं होतं. बाहेर व्हरांड्यात साऱ्या नातेवाइकांच्या तोंडी एकच प्रश्न होता, पीसीआर की एमसीआर? पोलीस कोठडी की न्यायालयीन कोठडी? आमच्या भागातल्या बायकांना ही अक्षरं रेशन कार्डाच्या रंगांसारखी पाठ आहेत. मावशी डब्याची पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "न्हाई म्हनला ते लिवलं. त्याचं चालनं कुटं लिवत्यात?"

पोरगा आठवड्यानं जामिनावर सुटला. ठेकेदारानं तोवर दुसरा माणूस लावला होता. मावशींनी तक्रार केली नाही. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला प्रत्येक तारखेला खाडा पडतो, आणि तीन खाड्यांनंतर घर सुटतं. मीही त्यांना तक्रार करा म्हणालो नाही. त्याची टोचणी मला आजही आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये परभणीची बातमी आली तेव्हा मला सगळ्यात आधी ते चालणं आठवलं.

१० डिसेंबरला परभणी रेल्वे स्थानकाजवळच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरची संविधानाची प्रतिकृती एका माणसानं तोडली. ११ तारखेला बंद झाला, दगडफेक आणि जाळपोळही झाली, आणि मग पोलिसांनी वस्त्यांतून धरपकड केली. पन्नासच्या आसपास माणसं पकडली गेली. त्यात ३५ वर्षांचा सोमनाथ सूर्यवंशी होता. वडार समाजातला, कायद्याचं शिक्षण घेणारा. त्याला आधी पोलीस कोठडी मिळाली, १४ तारखेला न्यायालयीन कोठडीत परभणीच्या कारागृहात नेलं, आणि १५ तारखेच्या सकाळी तो गेला. छातीत दुखत असल्याची तक्रार त्यानं केली होती, असं सांगण्यात आलं. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शवविच्छेदन झालं. डॉक्टरांनी लिहिलेलं कारण होतं, अनेक जखमांमुळे बसलेला धक्का. आठवडाही उलटला नव्हता तोच नागपूरच्या अधिवेशनात मुख्यमंत्र्यांनी विधानसभेला सांगितलं की कोठडीत मारहाण झाल्याचं चित्रीकरणात दिसत नाही, आणि आपल्याला मारलेलं नाही असं सोमनाथनं दंडाधिकाऱ्यांसमोर सांगितलं होतं.

म्हणजे इथंही तो "नाही" म्हणाला होता, आणि ते लिहिलं गेलं होतं.

सोमनाथची आई विजयाबाई. हे कुटुंब मूळचं लातूर जिल्ह्यातलं, पोटापाण्यासाठी आमच्या या औद्योगिक पट्ट्यात आलेलं. मराठवाड्यातून इथं आलेल्या हजारो घरांसारखंच. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. पुढं एमआयडीसी आली, टेल्को, बजाज आले, आणि नव्या शतकात चाकण वाढलं. या प्रत्येक टप्प्याचे रस्ते, पाया आणि खडी ज्यांच्या हातांनी झाली त्यात वडार माणसं आहेत. घण, पहार, सुतकी हीच त्यांची मिळकत. एकेकाळी त्यांच्या बायका पाट्या-वरवंट्याला टाकी लावत दारोदार फिरायच्या. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं आपण सहज म्हणून जातो. ज्यांनी टाकी धरली त्यांच्या वाट्याला मात्र घाव आले, देवपण आलं नाही.

विजयाबाईंनी १८ डिसेंबरला परभणीत पोलिसांकडे लेखी तक्रार दिली. सरकारनं जाहीर केलेली दहा लाखांची मदत त्यांनी घेतली नाही. आधी गुन्हा दाखल करा, मग बाकीचं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा अहवाल मार्च २०२५ मध्ये आला आणि त्यानं पोलिसांवर ठपका ठेवला. तरी गुन्हा दाखल झाला नाही. विजयाबाई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. त्यांच्या बाजूनं अ‍ॅड. प्रकाश आंबेडकर उभे राहिले. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठानं आठवड्याच्या आत गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३० जुलैला तिथं सरकारचं म्हणणं फेटाळलं गेलं, आणि ऑगस्ट उजाडताना परभणीत गुन्हा नोंदला गेला. अज्ञात पोलिसांविरुद्ध.

पहिली तक्रार ते पहिली नोंद, मध्ये साडेसात महिने. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयानं ललिताकुमारी प्रकरणात २०१३ सालीच सांगून ठेवलं आहे. विजयाबाईंना नवा कायदा नको होता. जो आहे तो आपल्या मुलापर्यंत पोचावा, एवढ्यासाठी त्यांना देशाच्या सर्वांत मोठ्या न्यायालयापर्यंत जावं लागलं, आणि समोर उभं होतं त्यांचंच सरकार.

फौजदारी खटल्याचं शीर्षक कसं असतं ते आठवा. "महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक तमुक." एखाद्या घरात खून झाला तर तो त्या घरापुरता राहत नाही, शासन त्या घराच्या बाजूनं फिर्यादी होतं, वकील देतं, साक्षीदार आणतं, खर्च सोसतं. आधुनिक न्यायव्यवस्थेनं गरिबाला दिलेली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे. सूड त्याला घ्यावा लागत नाही, पुरावा त्याला गोळा करावा लागत नाही. कोठडीतल्या मृत्यूत मात्र शीर्षक उलटं होतं. आई आधी येते, मग "विरुद्ध", मग "महाराष्ट्र शासन". तपास तिनं मागायचा, शवविच्छेदनाचा अहवाल तिनं सांभाळायचा, तारखा तिनं लक्षात ठेवायच्या. शासनाचं काम शासनाकडून करून घेण्यासाठी ती शासनाविरुद्ध लढते. माझं म्हणणं एवढंच आहे: न्यायालयातला जातीय अन्याय शोधायचा असेल तर निकालपत्रं चाळू नका, हे उलटलेलं शीर्षक बघा. कुणाच्या घरासाठी शासन आपणहून फिर्यादी होतं, आणि कुणाच्या घरातल्या आईला ते काम स्वतः करावं लागतं?

न्यायाधीश जातीयवादी आहेत, असा आरोप मी करत नाही. तसा तो करून भागतही नाही. याच खंडपीठानं विजयाबाईंचं ऐकलं. जात निकालाच्या फार आधी काम करून गेलेली असते. बंद पुकारला की कुठल्या गल्लीत गाडी शिरते, कुणाची दारं वाजतात, कुणाच्या "नाही" वर तिथल्या तिथं विश्वास बसतो आणि कुणाच्या लंगडण्याकडे बघायला वेळ नसतो, तिथं. कोथरूडच्या एखाद्या डॉक्टरचा मुलगा रात्रभर कोठडीत राहून तसा चालत आला असता, तर त्या चार मिनिटांच्या सुनावणीला चाळीस मिनिटं लागली असती. हे सिद्ध करायला मला कुठलं सर्वेक्षण लागत नाही. ज्यानं कुणी अशा कोर्टात एक दुपार काढली आहे त्याला ते ठाऊक आहे.

वडार समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत आहे. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला. १९५२ साली तो पुसला गेला, म्हणून त्या "विमुक्त". पण शिक्का कागदावरून पुसला तरी ठाण्यातल्या नजरेतून पुसला जात नाही. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तुरुंगांच्या नियमावल्यांतली जातीवर आधारलेली कलमं रद्द केली. झाडण्याचं काम कुणाला द्यायचं, स्वयंपाकाला कुणाला बसवायचं, विमुक्तांना सराईत गुन्हेगार कसं धरायचं, हे सगळं २०२४ पर्यंत नियमांत लिहिलेलं होतं. त्या निकालाला जेमतेम अडीच महिने होतात तोच वडार समाजातला एक कायद्याचा विद्यार्थी तुरुंगातून परत आला नाही. अनुसूचित जाती-जमातींसाठी निदान अत्याचार प्रतिबंधक कायदा तरी आहे, विमुक्तांना तोही नाही.

एक गोष्ट इथं सांगायलाच हवी. आंबेडकरी चळवळ ही एकाच जातीची आहे असं मानणाऱ्यांना सोमनाथनं उत्तर दिलेलं आहे. तो तिथं संविधानासाठी होता, आणि उद्याचा वकील होता. ज्या कोर्टात त्याला आरोपी म्हणून उभं केलं तिथंच काळा कोट घालून उभं राहायचं, यासाठी तो शिकत होता.

चाकणहून संभाजीनगरच्या खंडपीठाकडे निघालात तर कंटेनरच्या रांगेतून शिक्रापूरला येता. चौकात उजवीकडे वळलं की काही मैलांवर कोरेगाव भीमा. तिथल्या १ जानेवारी २०१८ च्या हिंसाचाराची एक महत्त्वाची फिर्याद एका बाईनं दिली होती, अनिता सावळे यांनी, आणि ती आमच्या पिंपरी ठाण्यात नोंदवली गेली होती. तिथून ती शिक्रापूरला वर्ग झाली. डावीकडे वळलं की नगरचा रस्ता, वाटेत पारनेर तालुका. याच तालुक्यात जानेवारी २००३ मध्ये पोलिसांची जीप दरीत कोसळली आणि आरोपी पळून गेला, असं मुंबई पोलिसांनी सांगितलं होतं. तो आरोपी ख्वाजा युनूस, २७ वर्षांचा इंजिनिअर, दुबईत नोकरीला असलेला. आणि गावानं परभणीचा.

घाटकोपरच्या बॉम्बस्फोटानंतर, डिसेंबर २००२ च्या अखेरीस त्याला पकडलं होतं. कोठडीत त्याला बेदम मारलं, तो रक्ताची उलटी करत होता, असं सहआरोपी असलेल्या डॉक्टरनं न्यायालयात सांगितलं. ज्या खटल्यासाठी युनूसला पकडलं त्यातले इतर आरोपी २००५ साली निर्दोष सुटले. युनूसचा देह कधीच सापडला नाही. सीआयडीनं चौदा पोलिसांची नावं पुढं आणली, सरकारनं खटल्याची परवानगी दिली ती चौघांपुरती. २०१८ मध्ये आणखी चार अधिकाऱ्यांना आरोपी करा, असा अर्ज करणारे विशेष सरकारी वकील त्या कामावरून दूर झाले, म्हणजे केले गेले. निलंबित असलेल्या आरोपींपैकी सचिन वाझे २०२० मध्ये सेवेत परत आले. या सगळ्या काळात उच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढत राहिल्या त्या आसिया बेगम, युनूसच्या आई. नवरा लढता लढता गेला, पण त्या थांबल्या नाहीत.

एकाच परभणीनं जोडलेल्या दोन आया. एकीचा मुलगा मुसलमान, एकीचा वडार. एका प्रकरणात देह नाहीसा झाला, दुसऱ्यात देह होता आणि त्यानंच साक्ष दिली. मला हा फरक फार मोठा वाटतो. शवविच्छेदनाच्या टेबलावर जे लिहिलं गेलं त्यानं विजयाबाईंची याचिका उभी राहिली. सोमनाथ जिवंतपणी दंडाधिकाऱ्यांपुढे जे बोलू शकला नाही ते त्याच्या जखमा बोलल्या. मावशींचा प्रश्न पुन्हा इथंच येतो. चालणं कुठं लिहितात? लिहितात, पण माणूस मेल्यावर.

पळून गेला, असं सांगण्याची पद्धतही जुनी आहे. १९८७ च्या डिसेंबरात ओडिशाच्या सुंदरगड जिल्ह्यात सुमन बेहेरा या २२ वर्षांच्या तरुणाला पोलिसांनी चौकीत नेलं. दुसऱ्या दिवशी रेल्वे रुळांजवळ त्याचा मृतदेह मिळाला. तो निसटला आणि गाडीखाली आला, असं पोलीस म्हणाले. त्याची आई नीलाबती बेहेरा हिनं सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. न्यायालयानं त्या पत्रालाच याचिका मानलं आणि १९९३ साली तिला दीड लाख रुपयांची भरपाई देताना स्पष्ट केलं की कोठडीत जीव गेला तर राज्याला हात झटकता येणार नाहीत. आज कुठल्याही विधी महाविद्यालयात हा निकाल शिकवला जातो. एका आईच्या पत्रानं भारताचा कायदा पुढं गेला, तरी पुढच्या प्रत्येक आईला पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागली.

अमेरिकेत १९५५ साली मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला दोघा गोऱ्यांनी हालहाल करून मारलं. त्याची आई मेमी टिल हिनं शिकागोत शवपेटीचं झाकण उघडं ठेवलं. माझ्या मुलाचं काय केलंय ते जगानं बघावं, म्हणून. हजारो लोकांनी तो चेहरा पाहिला, वर्तमानपत्रांत छायाचित्रं आली. केवळ गोऱ्यांच्या ज्यूरीनं मात्र जेमतेम तासाभरात आरोपींना निर्दोष सोडलं. ज्यूरीला पुरावा कमी पडला नव्हता. मेलेला मुलगा आपल्यातला कुणी आहे, असं त्यांना वाटलंच नव्हतं.

लंडनच्या डोरीन लॉरेन्स यांची गोष्ट आपल्याला आणखी जवळची आहे. एप्रिल १९९३ मध्ये त्यांच्या स्टीफन या १८ वर्षांच्या मुलाला बस थांब्यावर गोऱ्या पोरांच्या टोळक्यानं भोसकलं. पोलिसांनी तपास असा काही ढिला केला की खटलाच उभा राहिना. आईबापांनी स्वतः खासगी खटला भरला, तोही पडला. डोरीनबाई मागं हटल्या नाहीत. शेवटी सरकारला मॅकफर्सन चौकशी नेमावी लागली, आणि फेब्रुवारी १९९९ च्या अहवालात मॅकफर्सन यांनी लंडनच्या पोलीस दलाबद्दल एक शब्द वापरला: संस्थात्मक वंशभेद. एखादा अधिकारी वाईट आहे असं नव्हे. संस्थेची कामाची रीतच अशी आहे की काळ्या माणसाच्या वाट्याला कमी न्याय येतो, मग खुर्चीत बसलेला माणूस मनानं चांगला का असेना. त्या अहवालानंतर एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला न भरण्याचा शेकडो वर्षांचा इंग्रजी नियमही बदलला गेला, आणि जानेवारी २०१२ मध्ये दोघांना शिक्षा झाली. एकोणीस वर्षांनी.

आपल्याकडे कुठल्या सरकारी अहवालानं पोलीस दलाबद्दल "संस्थात्मक जातिभेद" हा शब्द लिहिला आहे? २००१ साली डर्बनच्या वंशभेदविरोधी परिषदेत जातीचा विषय येऊ नये यासाठी आपलं सरकार झटत होतं. जात म्हणजे वंश नव्हे, हे शास्त्रानं बरोबरच आहे. बाबासाहेबांनीही जातीचा उगम वंशात आहे हे नाकारलं होतं. पण कोर्टाच्या व्हरांड्यात डबा धरून उभ्या असलेल्या बाईला या फरकानं काय मिळतं? लंडनच्या आईला आणि विजयाबाईंना एकच अनुभव आला. मुलगा आधी संशयित ठरला, आणि मेल्यावरसुद्धा संशयितच राहिला.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं. परभणीत दुकानं फुटली, गाड्या जळल्या, पोलीसही दगडांना सामोरे गेले. हे खरं आहे. ज्याचं दुकान फुटलं तो छोटा दुकानदारही न्यायाचा हक्कदार आहे. दगड मारल्याचा पुरावा असेल तर न्यायालय शिक्षा देईल, त्यासाठीच न्यायालय आहे. पण दगडफेकीची शिक्षा मृत्यू नाही, आणि ती ठाण्यात द्यायची नसते. सोमनाथला कुणी, किती आणि कसं मारलं, हे खटल्यात ठरेल. ते मी ठरवत नाही. गुन्हा नोंदवण्यालाच सरकारचा इतका विरोध का होता, एवढंच माझं विचारणं आहे. पोलीस निर्दोष असतील तर तपासात त्यांचंही नाव स्वच्छ होईल. तपास अडवून ठेवल्यानं प्रामाणिक शिपायाच्याही वर्दीला डाग लागतो.

दुसरं म्हणणं असतं की या आयांना राजकीय पक्ष वापरून घेतात. असेलही. मग पक्ष यायच्या आधी पोचायला शासनाला कुणी अडवलं होतं? कुणीच आलं नाही तर आईनं कुणाचा हात धरायचा?

आणि तिसरी गोष्ट, जी मला विरोधापेक्षाही जास्त छळते, ती म्हणजे कौतुक. आपण अशा आयांना माउली म्हणतो, वाघीण म्हणतो, व्यासपीठावर बोलावून शाल घालतो. तिच्या अश्रूंचे फोटो छापतो, तिच्या याचिकेतला परिच्छेद कुणी वाचत नाही. केरळच्या प्रभावती अम्मांची कहाणी ऐका. त्यांचा मुलगा उदयकुमार २००५ साली तिरुवनंतपुरमच्या एका पोलीस ठाण्यात मेला. तेरा वर्षांनी, २०१८ मध्ये सीबीआय न्यायालयानं दोन पोलिसांना फाशीची शिक्षा सुनावली, देशभर त्या आईचं कौतुक झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं सगळ्यांना निर्दोष सोडलं. वीस वर्षं लढून ती बाई जिथून निघाली तिथं परत आली. जो न्याय मिळवायला असामान्य आई लागते तो न्याय सामान्य आईला मिळणारच नाही. माझ्या शेजारच्या मावशी सामान्य होत्या. बहुतेक आया तशाच असतात, आणि तसं असण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

काय करायला हवं ते माहीत नाही, अशी परिस्थिती नाही. विधी आयोगानं १९८५ सालच्या ११३ व्या अहवालात सुचवलं होतं की कोठडीत इजा झाली तर ती पोलिसांनी केली असं न्यायालयाला गृहीत धरता यावं, आणि तसं नाही हे पोलिसांनी दाखवावं. चाळीस वर्षं झाली, कायद्यात ते आलं नाही. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर आपण १९९७ मध्ये सही केली, पण तो आजवर पक्का केलेला नाही. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवायला सांगितलं. कोठडीतल्या मृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्यांकडून चौकशी २००५ च्या दुरुस्तीपासून सक्तीची आहे, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १९६ व्या कलमातही ती आहे. पण अहवाल आल्यावर पुढं नेमकं कुणी काय करायचं याबद्दल कलम गप्प आहे. विजयाबाईंच्या याचिकेनं बोट ठेवलं ते याच जागेवर, आणि म्हणून ती त्यांच्या एका मुलापुरती नाही. कोठडीत माणूस मेला की त्याच दिवशी, कुणी न मागता, खुनाच्या अंगानं गुन्हा नोंदवा आणि तपास बाहेरच्या यंत्रणेकडे द्या. आईला फक्त आई राहू द्या, तिला फिर्यादी करू नका.

हे मुंबई-दिल्लीत घडेल तेव्हा घडेल. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या वाचकांकडे मात्र मला आज काही मागायचं आहे. आपल्या पट्ट्यात कामगार संघटना आहेत, वकिलांच्या संघटना आहेत, निवृत्त होऊन दुपारी पेपर चाळत बसलेले माझ्यासारखे पुष्कळ लोक आहेत. रिमांडचं कोर्ट खुलं असतं, तिथं बसायला कुणाची परवानगी लागत नाही. महिन्यातली एक दुपार तिथं जाऊन मागच्या बाकावर बसा. कुणाच्या आईनं वकीलपत्र कुठं द्यायचं विचारलं तर दाखवा, मोफत विधी सेवेचं कार्यालय कुठं आहे ते सांगा. आणि न्यायाधीश जेव्हा "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" असं विचारतील, तेव्हा पोलीस त्या पोरापासून किती अंतरावर उभे आहेत आणि पोरगा आत येताना कसा चालत आला, हे वहीत लिहून घ्या. तारीख आणि वेळ घालून लिहा.